मशीनवरचा स्वेटर

“अय्या, मशीनवरचा होय!” स्वेटरचं तोंडभर कौतुक करणारी बाई हे वाक्य म्हणते, तेव्हा आधीच्या कौतुकातले निम्मे मार्क कापलेले असतात. लोकांना वाटतं, कॅरेज, म्हणजे मशीनच्या सुयांवरून फिरणारा सरकता भाग, इकडून तिकडे सरकवलं की दुसऱ्या बाजूने बटणं लावलेलं कार्डिगन घडी होऊन बाहेर पडतं.

हा आकस तसा जुना आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, तर एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. माझ्या टेबलावरचं हातमशीन त्याचंच दूरचं नातवंड. साडेचार मिलिमीटर अंतराने 200 सुया, प्रत्येकीच्या टोकाला आकडा, म्हणजे हूक, आणि मिटणारी इवलीशी जीभ. कॅरेज एकदा फिरवलं की अख्खी ओळ विणून होते.

पण हाताने विणताना टाका घट्ट वाटला तर बोटं आपसूक सैल होतात, गप्पा मारता मारता अंगावर लावून पाहता येतं. मशीनला यातलं काही कळत नाही. तिला सगळं आधी ठरवून द्यावं लागतं, आणि मशीनवरचं खरं विणकाम त्या ठरवण्यात आहे.

म्हणून आधी नमुना, म्हणजे मापापुरता विणलेला छोटा तुकडा. तोही त्याच लोकरीचा, त्याच रंगाचा. एकाच कंपनीची काळी आणि पांढरी लोकर सारखी विणली जाईल याची खात्री नसते. मशीनवर खाली वजनं लटकत असतात, त्यामुळे नुकताच उतरवलेला तुकडा उभा ताणलेला असतो. तो लगेच मोजणं म्हणजे धावत आलेल्या माणसाची नाडी बघणं. धुवावा, वाळवावा, रात्रभर पडू द्यावा, मग टेप लावावी. समजा दहा सेंटिमीटरला 30 टाके आले. छाती 90, वर सैलपणा आठ, म्हणजे पुढचा भाग 49 सेंटिमीटर: 147 टाके, अधिक शिलाईचे दोन. आता हेच टाके प्रत्यक्षात 30 ऐवजी 28 असतील, तर पुढचा-मागचा भाग मिळून घेर सात सेंटिमीटर वाढतो. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर थोरल्या भावाचा. तरीही नमुन्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. “एवढ्या वेळात स्वेटरची पाठ विणून झाली असती की,” हे मी पुष्कळदा ऐकलंय.

लोकरीचंही तसंच. दुकानातल्या लडीचा हाताने गुंडाळलेला गोल गुंडा मशीनखाली टणाटण उड्या मारतो, धागा ओढला जातो आणि त्या ओळीचे टाके आवळतात. त्यापेक्षा धागा मधून निघेल असा बसका गुंडा करावा. लोकर खरखरीत असेल तर गुंडाळताना मेणबत्तीच्या तुकड्यावरून फिरवावी. कॅरेज एकदम हलकं चालतं.

काठाची पट्टी हा एका पाटीच्या, म्हणजे सुयांची एकच रांग असलेल्या, मशीनचा दुखरा कोपरा. खरी उलट-सुलट पट्टी हवी तर दुसरी पाटी जोडा, नाहीतर टाके सोडून एकेक आकड्याने परत उचलत बसा. यातला मधला मार्ग मला फार आवडतो: एक सुई कामाला, एक सुट्टीवर. अशी दुप्पट लांबीची पट्टी विणायची, खालची कड वर उचलून सुयांवर चढवायची आणि पुढे चालू. दिसायला पट्टीसारखी, ताण मात्र तितका घेत नाही, त्यामुळे लहान मुलांच्या मनगटाला नको.

मुंढ्याला टाके घटवताना अगदी कडेचा टाका शेजारी ढकलला तर कड ओबडधोबड होते. तीन दातांच्या आकड्याने कडेचे तिन्ही टाके उचलून एक घर आत सरकवावेत. घट कडेपासून आत पडते, कडेची साखळी सरळ राहते, आणि शिवताना त्याच साखळीतून सुई घालत गेलं की जोड सापडत नाही. मशीनवरचा स्वेटर गबाळा दिसतो तो बहुतेक वेळा शिलाईमुळे. विणणं दुपारभरात उरकलं म्हणून शिवणंही अर्ध्या तासात उरकायची घाई होते.

आणि शेवटी इस्त्री. अस्सल लोकरीला वाफ मानवते, टाके छान बसतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली, की त्यातला जीवच जातो. कापड लुळं, चकचकीत होतं आणि कितीही धुतलं तरी सावरत नाही. तेव्हा इस्त्रीवाल्याकडे कपड्यांचं गाठोडं देताना स्वेटर आधी बाजूला काढून ठेवा. तो बिचारा “एकदम कडक करून देतो” म्हणतो आणि शब्द पाळतो.