आंबोळी, सांबारा आणि खांडेकर मास्तर

रविवार. "आज नाश्त्याचा माझ्याकडे काय मागू नकात," असं काकूने कालच जाहीर केलं होतं. म्हणून सकाळी भाऊकाकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि शिरोड्याला आले. पाऊस नुकताच सरलाय. मिठागरांत अजून त्याचंच पाणी साचलेलं, कडेला दोन बगळे.

बाजारातल्या हॉटेलात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचा सांबारा. बिडाच्या तव्यावर पीठ पडलं की आधी चर्र होतं, मग वर झाकण. निघते तेव्हा अंगभर जाळी, कडा तेवढी तांबूस. सांबारा त्या जाळीत मुरेपर्यंत थांबायचं असतं. काका थांबत नाहीत.

पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं, खांडेकरांचं. विषय निघायला तेवढं पुरलं. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले ते १९३८ पर्यंत इथेच होते. पुढे 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं, १९७४ चं, मराठीतलं पहिलं. काकांना हे पाठ आहे, आणि दर रविवारी ते मला पहिल्यांदाच सांगतात.

माझी तक्रार जुनीच. अठरा वर्षं वेळागरचा समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि माणसं मात्र स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलतात. उपमेवर उपमा. त्यापेक्षा शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी वाचावेत, माणूस लगेच ओटीवर येऊन बसतो.

काका म्हणाले, "मास्तरान वह्यो तपासूच्यो काय समुद्र बघूचो?"

यावर काय बोलणार? पण पुढे त्यांनी जे काढलं ते दिवसभर डोक्यात आहे. दळवी आरवलीबद्दल लिहीत होते ते मुंबईत बसून. इथे राहिलेल्याला गाव दिसत नाही, त्याला फक्त गावातली कामं दिसतात. मी पुण्याहून परत आले त्याला दोन वर्षं झाली. तव्याचं ते चर्र मला अजून ऐकू येतं, काकांना येत नाही. म्हणजे आणखी दोन वर्षांनी मलाही येणार नाही की काय?

बोलता बोलता पुस्तक चाळत होते. एका पानावर प्रेमाबद्दलचं लांबलचक वाक्य, खाली पेन्सिलीची रेघ आणि समासात कुणीतरी लिहिलेलं, 'खोटं!' त्याच्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, 'तुम्हांस काय ठाऊक?' मी पुस्तक काकांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही शेरे वाचले, जरा जास्तच वेळ वाचले. मग चष्मा खिशात.

"अक्षर ओळखीचं आहे?"

"आणखी एक आंबोळी सांग गो."

ती आली, आणि पहिल्याच घासाला सांबाऱ्याचा थेंब पुस्तकावर. त्याच पानावर, नेमका शाईच्या ओळीखाली. मी रुमाल शोधेपर्यंत काकांनी धोतराच्या सोग्याने टिपलाही, त्यामुळे तो अधिकच पसरला. परत द्यायची तारीख मंगळवार. ग्रंथपाल बाई पान न् पान उलटून बघतात. काका म्हणतायत, डाग आधीपासून होता म्हणून सांग.

घरी आलो तर काकूने स्वतःपुरते कांदेपोहे केले होते. आम्ही तेही खाल्ले.