आमची वाटचाल: रंगकामापासून गच्चीपर्यंत

आमचा व्यवसाय सुरू झाला तो जुन्या घरांच्या रंगकामाने. आता रंग सगळ्यात शेवटी येतो. ओल्या भिंतीवर पुट्टी टिकत नाही, म्हणून आधी गिलाव्याचं काम घेऊ लागलो. गिलावा कशाने भिजतोय हे शोधताना प्लंबिंग आलं आणि पाण्याचा माग काढत काम गच्चीपर्यंत गेलं.

ओल कुठली आहे, हे डागाच्या जागेवरून बरंच कळतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीचा ओला पट्टा आणि त्यावर पांढरा खार असेल, तर पाणी घराच्या पायातून चढतंय. छताच्या कडेचा डाग पावसाळ्यातच वाढत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भेग. बारा महिने ओल असेल, तर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहतो. काटा फिरला तर गळती मीटरपुढच्या नळाच्या लाइनीत. स्थिर राहिला तर आधी नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या जमिनीतलं पाणी जायचं तोंड) आणि सांडपाण्याचे सांधे तपासतो.

चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आम्ही करत नाही. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, खार मागे साठतो आणि गिलावा फुगून सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

सगळ्यात जास्त कामं येतात ती स्लॅबच्या खालून पोपडे पडल्याची. गंजलेलं लोखंड मूळ आकारमानाच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. नुसता सिमेंटचा थर लावून हे झाकलं, तर आत गंज चालूच राहतो. म्हणून आधी खाली टेकू देतो. मग हातोडीने ठोकून बद्द आवाज येईल तेवढा सगळा भाग काढतो, सळईच्या मागेही दोनेक सेंटिमीटर मोकळं करतो. नेमका हाच भाग घाईत सुटतो आणि गंज मागून परत सुरू होतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून गंजरोधक लेप देतो. ती फार बारीक झाली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने जोडसळई टाकतो. मग जुनं-नवं काम जोडणारा बाँडिंग कोट आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल), एका वेळी 10 ते 15 मिमी. कोट वाळला तर तो जोडण्याऐवजी थर सुटा करतो. त्यानंतर व्यवस्थित पाणी मारणं आलंच.

वरची गच्ची पाझरत असेल तर हे सगळं वाया. कोब्याला (गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थराला) 100 ला 1 उतार, भिंतीच्या कडेला गोल वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई) आणि काम झाल्यावर 48 तास पाणी साठवून खालून पाहणी, एवढं झाल्याशिवाय आतल्या दुरुस्तीला हात लावत नाही.

भिंती फोडल्याच आहेत तर वायरिंगही त्याच वेळी बदलावं: दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, गीझरला 4 चौरस मिमी तांब्याची वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या अ‍ॅल्युमिनिअमच्या वायरला तांब्याची वायर पीळ देऊन जोडू नये. तो सांधा सैल होऊन तापतो.

झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवण्याआधी पाइपलाइन दाबाखाली तपासतो आणि प्रत्येक भिंतीचा मोजमापाचा टेप लावून फोटो काढतो. ते फोटो घरमालकाकडे असले की पुढे खिळा ठोकताना पाइप फुटत नाही.