घोडी चालेल का?

एजंटला फोन केला की मी आधी सगळं नॉर्मल विचारायचे, भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी बोरचं का ग्रामपंचायतीचं, आणि मग फोन ठेवता ठेवता, अगदी सहज आठवल्यासारखं, "आणि आमच्याकडे एक घोडी आहे, चालेल ना?" एकजण लगेच म्हणाला, "चालेल की मॅडम, आमच्याकडे पण पडून आहे एक, रंगकामाला आणलेली." म्हटलं अहो दादा, शिडीवाली नाही, चार पायांची. तर म्हणतो, आमची पण चार पायांचीच आहे.

तर मैना. मारवाडी घोडी, कुमैत म्हणजे लालसर तपकिरी रंगाची, कान आत वळून टोकाला टोक लागतात तसले. वाघोलीच्या पुढे एका शेतावर अजून चार-पाच घोड्यांबरोबर महिन्याच्या पैशावर राहायची, आम्ही शनिवार-रविवार कोथरूडहून जाऊन यायचो. मग तिथे प्लॉटिंग पडलं. पुण्याच्या कडेला कुठलीही गोष्ट सुरळीत चालली असेल तर तिथे प्लॉटिंग पडतंच. दोन महिन्यांत जागा खाली करा म्हणाले. नवऱ्याचं घरून काम, माझं पण निम्मं घरूनच, म्हटलं आपणच गावाकडे भाड्याने राहू, तिला दारातच ठेवू. ओळखीतले सगळे म्हणायचे, रेसकोर्सवर ठेव ना. अरे तिथले घोडे थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचे, पावसाळ्यात पुण्याचा सीझन करतात आणि थंडीत मुंबईला जातात, त्यांचं आयुष्य म्हणजे आपल्या आयटीवाल्यांसारखं. आमची बाई आत्तापर्यंत जोरात पळालीये ती फक्त बादलीच्या आवाजाकडे.

पहिलं घर पाहिलं मुळशीकडे. काय सुंदर होतं! समोर धरणाचं पाणी, लॉन, झोपाळा, आणि गेटपासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी गुलाबी कण्हेर फुललेली. नवरा फोटो काढत सुटला आणि मी कण्हेर मोजत बसले, कारण कण्हेर घोड्याला विष आहे, थोडी पानं पोटात गेली तरी हार्टवर जातं, आणि मैनाला कुंपणावरून मान काढून टेस्ट करायची सवय. त्यात पाऊस. ताम्हिणीच्या अंगाला काही हजार मिलिमीटर पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास आणि यवतकडे उतरलात की अजून कमी, म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात माणूस छत्री बदलतो आणि घोड्याचे खूर बदलतात. चार महिने चिखलात उभं राहिलं की खुराच्या खालची बाजू कुजते, तो वास एकदा घेतला की विसरत नाही. मालक म्हणत होते, पावसाळ्यात तर स्वर्ग असतो इथे! असेल, पण स्वर्गात नालबंद येतो का हे कुठे लिहिलेलं नाही, आणि आमच्याला दीड-दोन महिन्यांनी यावंच लागतं.

मग लोक गोठा दाखवायचे. "मॅडम, इथं चार जर्शा होत्या, तुमची एक सहज बसेल." मैना बसत नाही हो, उभी राहते, आणि दचकली की मान वर फेकते, सात फुटांवर पत्रा असेल तर पहिल्याच पावसात डोक्याला खोक. एका घोड्याला किमान बारा बाय बारा फूट लागतं, वर भरपूर उंची, हवा खेळती पाहिजे नाहीतर मुताच्या वासाने छाती धरते. खाली शहाबादी फरशी नको, ओली झाली की पाय सटकतो, नुसता कोबा पण नको, सांधे धरतात. चांगला धुमसलेला मुरूम बेस्ट. कुंपणाला काटेरी तार असेल तर मी गाडीतून उतरायचेच नाही. आणि रस्ता! रात्री दोनला पोटात कळ आली तर डॉक्टर पोचला पाहिजे, घोड्याला उलटी होत नाही, देवाने ती सोयच ठेवली नाहीये, त्यामुळे आत गेलं ते पुढेच जाणार आणि अडकलं तर पळापळ. म्हणून मी प्रत्येक घरात आधी मोबाईलची रेंज बघायचे आणि पिकअप कुठे वळेल ते. बाथरूम बघायला नवरा जायचा.

शेवटी सासवडच्या पुढे एक सापडलं. दोन खोल्या, पडवी, मागे अंजिराची बाग, आणि मालक म्हणजे एक ऐंशीच्या आसपासचे अण्णा, ज्यांनी आमच्याबद्दल काही म्हणजे काहीच विचारलं नाही, नोकरी नाही, आडनाव नाही, फक्त म्हणाले, "घोडी आणून दाखवा."

इंटरव्ह्यू घोडीचा. पुढच्या रविवारी पिकअपमधून नेली. अण्णा काठी भिंतीला टेकवून तिच्या अंगावरचे भोवरे बघत फिरले, कपाळ, मान, पोट, मग परत मान. गळ्याखाली बोट ठेवून, केस हळूच उलटे करत, कितीतरी वेळ. मी इतकी टेन्शनमध्ये माझ्या दहावीच्या रिझल्टला पण नव्हते. "देवमण हाय," म्हणाले, म्हणजे गळ्याखालचा शुभ भोवरा, "राहूद्या." माझा भोवऱ्यांवर विश्वास नाही, पण त्या दिवशी ठेवला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या, वरातीला देता का विचारायला, आणि त्यांच्या सासूबाई, काळ्या घोड्याची नाल मिळेल का, दाराला ठोकायला. काळी नाहीये म्हटल्यावर त्यांनी मैनाकडे जरा निराशेनेच पाहिलं.

पाण्याचं मात्र अण्णांनी खरं सांगितलं. शेतीच्या पंपाची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, पण दोन हजार लिटरची टाकी आहे, ती भरून ठेवायची. तिला दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त, म्हणजे जमतंय. कडबा गावातच मिळतो, फक्त बुरशी आलेली पेंढी मी परत करणार हे आधीच सांगितलं. भाड्यावर घासाघीस चालू होती तेव्हा अण्णांनी अचानक विचारलं, "लीद किती पडती?" म्हटलं पंधरा-वीस किलो, रोज. अण्णा थोडा वेळ बागेकडे बघत राहिले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, ते त्यांनी मला दोनदा सांगून झालं होतं. "हजार रुपये कमी करा भाड्यातले," ते स्वतःच म्हणाले, "पन लीद माझी. कुजवून घालतो." अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये हे कुठल्या कलमात बसवायचं ते वकिलाला कळेना, शेवटी तोंडीच ठेवलं.

एकटं राहायचं नाही तिला, कळपातलं जनावर आहे, त्यामुळे सध्या अण्णांची एक शेळी सोबतीला बांधलीये. पहिल्या रात्री दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. सकाळी जाऊन पाहते तर शेळी मैनाच्या पुढच्या दोन पायांच्या मधे बसून रवंथ करतेय आणि मैना हलत नाहीये, माशी बसली तरी पाय आपटत नाहीये, नुसती कातडी थरथरवतेय.

परवा आईने फोनवर घराचे फोटो मागितले. गॅलरी उघडली, शेहेचाळीस फोटो. मुरूम, टाकी, गेटची कडी, छताची उंची टेपसकट, कुंपणाचे चारही कोपरे, रस्त्याचं वळण. आई म्हणाली, "अगं, स्वयंपाकघराचा एक तरी पाठव, ओटा कुठल्या दिशेला आहे?"

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, थांब, बघून येतो.