तिरपी तुळई

काम साधं होतं. इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या लूइस गावात कोपऱ्यावरच्या एका दुकानाची वरची भिंत रस्त्याकडे फुगली होती. ती धोक्याची आहे का, एवढंच मला सांगायचं होतं. हातातल्या जुन्या अहवालात लिहिलं होतं, ‘अठराव्या शतकातली, विटांची इमारत’.

शिडीवर चढून भिंतीवर बोटांनी टकटक केलं तर आवाज पोकळ. वीट अशी वाजत नाही. मग कोपऱ्याला मारलेली उभी लाकडी पट्टी दिसली आणि उलगडा झाला. या ‘मॅथेमॅटिकल टाइल्स’ होत्या. कौलांसारख्या पट्ट्यांवर टांगायच्या, एकीवर एक चढवायच्या. बाहेर दिसतो तेवढाच भाग विटेच्या मापाचा. मधल्या फटी चुन्यानं भरल्या की भिंत हुबेहूब विटांची. सोंग उघडं पडतं ते कोपऱ्यावर, म्हणून तिथे पट्टी. 1784 मध्ये विटांवर कर बसला, तो चुकवायला लोकांनी ही युक्ती काढली असं हमखास ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. तो कर कौलांवरही होता. जुनं लाकडी घर झाकून नव्या फॅशनचं दिसावं, हेच खरं कारण असावं.

म्हणजे मागे लाकडी सांगाडा असणार. खाली आलो तर मालकांनी नवा दिवा बसवायला दुकानाचं खोटं छत थोडं उघडलेलंच होतं. “ही तिरपी तुळई मध्ये येतेय. जराशी कापली तर चालेल ना?”

मी वर बॅटरी मारली आणि घाईघाईनं म्हणालो, “करवत आधी खाली ठेवा.”

खोलीच्या आतून थेट कोपऱ्याकडे तिरकी गेलेली ती जाडजूड ओकची तुळई म्हणजे ‘ड्रॅगन बीम’. वरचा मजला एकाच रस्त्यावर पुढे काढायचा असेल तर कड्या, म्हणजे मजला पेलणारी आडवी लाकडं, लांब ठेवल्या की भागतं. दोन्ही रस्त्यांवर काढायचा तर कोपऱ्यात कड्यांची दिशा बदलावी लागते आणि दोन्हीकडच्या कड्या या तिरप्या तुळईत येऊन बसतात. पण इथे बाहेरून भिंत खालपासून वरपर्यंत सरळ होती. मग पुढे आलेला मजला गेला कुठे?

तो जागच्या जागीच होता. खालची भिंतच नंतर कुणीतरी पुढे आणून बांधली होती!

दर्शनी काचेपासून सुमारे अर्धा मीटर आत कड्यांखालून एक आडवी तुळई गेली होती. तिच्या खालच्या अंगाला रिकाम्या खाचा होत्या. मी चाचपत गेलो. खाच, खाच, मग दीडेक मीटर काहीच नाही, पुन्हा खाच. खाचांमध्ये एके काळी भिंतीचे उभे खांब बसत. मधला मोकळा पट्टा म्हणजे जुन्या दुकानाची खिडकी. तेव्हा अशा खिडक्यांना काच नसे. खालची फळी बाहेर पाडली की तोच माल मांडायचा ओटा. इंग्लंडच्याच सफक भागातल्या लॅव्हनम गावात कमानदार माथ्याच्या तशा खिडक्या अजून बघायला मिळतात.

एका खाचेत खुंटीचा तुकडा राहिला होता, मधे किंचित वाकलेला. खांबाच्या कुशीतलं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकातलं, भोक सुतार मुद्दाम जरासं सरकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जाई. शेजारी पटाशीनं मारलेल्या चार उभ्या रेघा. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवायचा, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. कुठला तुकडा कुठे, त्याची ही खूण. पुस्तकी रोमन चार वेगळा असतो, सुताराला चार रेघा पुरत.

मालक कुतूहलानं बघत होते. मी म्हणालो, “तुमचा गल्ला रस्त्यात आहे.” त्यांनी काच बघितली, तुळई बघितली आणि मुकाट्यानं टेप काढून स्वतःच माप घेतलं.

इमारत संरक्षित यादीतली. परवानगीशिवाय ती तुळई कापणं हा सरळ गुन्हा ठरला असता. दिवा बाजूच्या भिंतीवर गेला.

फुगवट्याचं कारण अगदीच किरकोळ निघालं. कुणीतरी टाइल्सच्या फटी सिमेंटनं भरल्या होत्या. आत शिरलेलं पाणी अडकून पट्ट्या कुजल्या होत्या आणि टाइल्स सुटून पुढे आल्या होत्या. सांगाडा ठणठणीत. अहवालात त्याला चार ओळी पुरल्या, खाचांच्या मोजमापांना मात्र तीन पानं लागली.