इतर कलाकारांनी योग्य साथ दिली

फोन आला तेव्हा मी निधनवार्ता तपासत होते. माझी नोकरी एका मराठी दैनिकात उपसंपादकाची. नाट्यसमीक्षेचे वेगळे पैसे मिळत नाहीत, कधीच मिळाले नाहीत. तरी गोव्यात चार माणसं मला ओळखतात ती त्या समीक्षेमुळेच, निधनवार्तांमुळे नव्हे.

पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण प्रत्येक अक्षर सुटं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं. आम्ही कोकणीत बोललो. इथे मराठीत लिहिते, एखादं वाक्य सोडून.

"बाय, आमच्या नाटकावर तू लिहिलं होतंस. त्याचा कागद हवा होता."

"कधीचं नाटक?"

"अठ्ठ्याण्णव सालचं."

वयस्क कलाकारांना सरकारकडून दरमहा मानधन मिळतं, त्यासाठी अर्ज करायचा होता. सोबत पुरावे हवेत: हस्तपत्रिका, फोटो, कात्रणं. गावात त्यांना सगळे भाई म्हणतात, म्हणून मीही भाईच म्हणते. वय एकाहत्तर. चेहरा रंगवून उभे राहिले त्याला पन्नासेक वर्षं झाली असतील. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या जत्रेत दर वर्षी नाटक, आणि मंडळाला हुरूप आला की पणजीत कला अकादमीच्या स्पर्धेत एखादा प्रयोग. पोट मात्र कुळागरावर, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेवर.

आमच्या कचेरीत जुने अंक नाहीत. जागा बदलली तेव्हा फायली किलोवर विकल्या गेल्या. मी रजेवर होते. तेव्हा असते तरी काही करू शकले असते असं नाही, पण रजेवर होते हे डोक्यातून जात नाही. भाईंना पणजीला बोलावलं आणि पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन गेले. तिथे वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत.

खंड येईपर्यंत भाईंनी पिशवीतून शाळेची वही काढली. तिच्यात एकोणीस कात्रणं भाताच्या खळीने चिकटवलेली. अकरा माझी. मी मनातून सुखावले. मग वाचायला लागले. प्रत्येक कात्रणाच्या शेवटी तेच वाक्य: "इतर कलाकारांनी योग्य साथ दिली." क्वचित कुठे "आपापल्या भूमिकांना न्याय दिला". आणि प्रत्येक ठिकाणी 'इतर' या शब्दाखाली लाल शाईची रेघ.

"हो हांव," भाई म्हणाले. हा मी. मानधनाचे अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी वही परत केली होती. यात तुमचं नाव कुठे आहे?

हे वाक्य कसं जन्माला येतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. स्पर्धेच्या दिवसांत रोज एक नाटक, महिनाभर. अंधारात लिहायचं, तेही वहीकडे न पाहता. डावा अंगठा ओळीवर ठेवायचा आणि ओळ संपली की तो खाली सरकवायचा, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, पहिल्या वर्षीच्या वहीचा गिचमिडकाला झाल्यावर आपोआप आलं. नाटक साडेदहाला सुटणार, पान साडेअकराला जाणार. पात्रं बारा-तेरा. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांचं एकेक वाक्य झालं, तीन मुख्य नटांवर लिहून झालं, की दहा मिनिटं उरतात आणि नऊ माणसं उरतात. त्या नऊ माणसांना मी पाच शब्दांत घालवत आले. चूक जागेची, वेळेची, हे मी पूर्वी ठामपणे सांगायचे. हल्ली जरा हळू सांगते.

मुंबई-पुण्याच्या समीक्षेची गोष्ट निराळी. तिथे परीक्षण वाचून कोणी तिकीट काढतं, कोणी काढत नाही, निर्माता बोटं मोडतो. आमच्या तियात्राचं, म्हणजे कोकणी लोकनाट्याचंही, निराळं. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून त्याला तिकीट काढणारा प्रेक्षक आहे, तो समीक्षकाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. पण गोव्यातलं मराठी स्पर्धेचं किंवा जत्रेचं नाटक बहुधा एकदाच होतं. सकाळी परीक्षण छापून येतं तेव्हा नेपथ्य टेम्पोत चढलेलं असतं. मग लिहायचं कोणासाठी, असा प्रश्न मला जाहिरात विभागातल्या एका गृहस्थांनी चहाच्या टपरीवर विचारला होता. उत्तर देता आलं नव्हतं. त्या वहीतल्या लाल रेघा बघताना ते गृहस्थ समोर हवे होते असं वाटलं, आणि लगेच नकोतच असंही वाटलं.

१९९८ चा खंड आला. कागद कडेला बिस्किटासारखा मोडत होता. अर्धं पान, चार कॉलम, साडेसहाशे शब्द तरी. एवढी जागा मला आता फक्त मेलेल्या माणसासाठी मिळते, तोही मंत्री असला तर. उरलेली जागा वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बाराव्याच्या जाहिराती खातात. कला अकादमीचं संकुल दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२३ च्या जुलैत तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, नोव्हेंबरात संकुल पुन्हा उघडलं. या छतावर आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढी शाई ओतली तेवढी त्या छताखाली होणाऱ्या नाटकांवर गेल्या दहा वर्षांत ओतली नसेल.

वाक्य सापडलं. भाईंनी चष्मा लावला आणि वाचनकक्ष आहे हे विसरून मोठ्याने वाचलं: "शकुनी डोळे गरागरा फिरवतो, पण द्यूताच्या प्रवेशात आपल्या हातात फासे आहेत हेच विसरतो." शेजारी त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, शुद्ध छापलेलं. पन्नास वर्षांत त्यांचं नाव छापून आलं ते एवढ्याच ठिकाणी.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले असणार, नक्की.

"तुजें खरें आशिल्लें, बाय," भाई म्हणाले. "फांसे नाशिल्लेच." तुझं खरं होतं, फासे नव्हतेच. ज्याच्याकडे रंगसाहित्य होतं तो फासे रंगपटातच विसरला होता. पडदा उघडलेला, धर्मराज समोर बसलेला. मग भाईंनी डोळे फिरवले, प्रेक्षकांनी हाताकडे बघू नये म्हणून.

मला रिकामी मूठ दिसली होती आणि मी ती बरोबर टिपली होती. कारण मात्र माझ्या मनचं लावलं. समीक्षकाने रंगपटात जायचं नसतं, हा माझा नियम, अजूनही पाळते. तो चुकीचा आहे असं आजही म्हणवत नाही. पण त्या रात्री कोणाला नुसतं विचारलं असतं तर?

झेरॉक्स काढली. भाईंनी दोन प्रती मागितल्या. निघताना म्हणाले, शनिवारी जत्रा आहे, पुन्हा शकुनीच आहे, बहुतेक शेवटचा. ये.

रात्री नऊला स्कूटर काढली. बाणस्तारीचा पूल, मग मंगेशी. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह अकादमीत आहे त्या दीनानाथांचं गाव, रस्त्यावर शहाळीवाल्याचा एक दिवा सोडला तर गडद. जत्रेच्या नाटकाला वेळ विचारायची नसते. पालखी, आरत्या, पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, मग देवस्थानच्या अध्यक्षांचे दोन शब्द, आमदारांचे चाळीस. नांदी सुरू झाली तेव्हा पावणेबारा वाजले होते. आमचं पान केव्हाच गेलेलं. म्हणूनच जत्रेच्या नाटकांवर कधी कोणी धड लिहिलं नाही: समीक्षक झोपतो, बातमीदार समईच्या फोटोनंतर घरी जातो.

द्यूताचा प्रवेश अडीचला आला. पुढच्या रांगांत बायका पोरांना मांडीवर घेऊन जाग्या, मागे पुरुष खाजं खात. दुर्योधन दोनदा अडखळला. प्रॉम्प्टरचं वाक्य आम्हा सगळ्यांना आधी ऐकू आलं, त्याला नंतर. शकुनीने काही घाई केली नाही. बोटभर लांबीचे लाकडी फासे दोन तळव्यांत धरून तो नुसते घासत राहिला. टांगलेल्या माइकने तो आवाज उचलला आणि पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढला. हे तालमीत ठरलेलं नसणार. मग फासे टाकले. सगळी सभा पटाकडे वाकली. भाईंनी पटाकडे पाहिलंच नाही. ते धर्मराजाच्या तोंडाकडे बघत राहिले, डोळे अजिबात न फिरवता. काय पडलंय हे त्यांना ठाऊकच होतं.

मी अंगठा खाली सरकवायचा विसरले. त्या पानावर तीन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत.

रविवारी दुपारी ४८० शब्द लिहून दिले. सोमवारी छापून आले सत्तर. मथळा 'जत्रोत्सवानिमित्त नाट्यप्रयोग उत्साहात'. समई कोणी उजळली, आमदार, सरपंच, अध्यक्ष, पाच नावं. नाटकाचं नाव. आणि शेवटी, मी न लिहिलेलं: "इतर कलाकारांनी योग्य साथ दिली."

त्या पानावर नवा मुलगा होता. कामसू आहे, व्याकरणही बरं. मी विचारलं, हे कुठून आणलंस? त्याला वाटलं शाबासकी देते आहे. "मॅडम, तुमच्याच जुन्या परीक्षणांतून उचललं."

भाईंचा अर्ज घेतला, सोबत १९९८ चं कात्रण. माझे ४८० शब्द मी छापून, खाली सही करून त्यांना दिले होते. तेही जोडायला भाई गेले तेव्हा खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, हे वर्तमानपत्रात आलेलं नाही, चालणार नाही. भाईंनी ते वहीत चिकटवलं म्हणे, खळीनेच.

परवा मी त्या मुलाकडे दोन ओळी दिल्या. दुरुस्ती: १९९८ मधील नाट्यपरीक्षणात शकुनी फासे विसरला असे छापले गेले होते, फासे विसरणारा दुसरा होता. त्याने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कामाचा प्रश्न विचारला, कुठल्या पानावर घ्यायचं? म्हटलं, जिथे जागा असेल तिथे.

बघून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.