कॉपरबँडचा पहिला घास

खाऱ्या पाण्यातला नवा मासा घरी आणला की पहिले आठ-दहा दिवस माझ्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, आणि तो म्हणजे हा खाईल का. अंगावर रोग दिसला तर औषध आहे, पाणी बिघडले तर ते बदलता येते. पण तोंडच न लावणाऱ्या माशापुढे फार थोडे उपाय उरतात आणि तेही सगळे वेळखाऊ असतात. या वेळी आणलेला मासा कॉपरबँड बटरफ्लाय आहे. पांढऱ्या अंगावर तांबूस-नारिंगी उभे पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात डोळ्यासारखा काळा ठिपका आणि चिमट्यासारखे लांब, निमुळते तोंड. दिसायला इतका देखणा मासा क्वचित सापडतो, आणि नव्या टाकीत उपाशी राहून मरण्याबद्दल इतका बदनाम मासाही क्वचितच.

मासा खात नाही याचा अर्थ त्याला भूक नाही, असा मी अनेक वर्षे घेत आले. आता मला तसे वाटत नाही. समुद्रात हा मासा दिवसभर खडकांच्या फटींत तोंड घालून कृमी आणि बारीक कवचधारी जीव टिपत असतो. त्याचे ते लांब तोंड त्याच कामासाठी घडलेले आहे. अशा माशासमोर आपण गोठवलेल्या खाद्याची वडी विरघळवून सोडतो आणि पंपाच्या प्रवाहात गरगरणारे ते गुलाबी तुकडे त्याने ओळखावेत अशी अपेक्षा करतो. त्याच्या लेखी ते अन्नच नसते. त्यात पकडल्यापासून आपल्या घरी येईपर्यंत त्याने अनेक टाक्या आणि पिशव्या पाहिलेल्या असतात, आणि पिशवीतले पाणी विष्ठेने खराब होऊ नये म्हणून प्रत्येक प्रवासाआधी त्याला मुद्दाम उपाशी ठेवलेले असते. म्हणजे तो थकलेला, घाबरलेला आणि उपाशी असतो, आणि समोर आलेली वस्तू खाण्याची आहे हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

म्हणून अर्धे काम विकत घेण्याआधीच होते. मासा दुकानात माझ्या डोळ्यांदेखत खातो का, हे पाहिल्याशिवाय मी आता निर्णय घेत नाही. त्याचबरोबर त्याचे पोट आत गेले आहे का आणि डोक्यामागचा पाठीचा भाग खपाटीला गेला आहे का, हे समोरून नीट न्याहाळते. पोट रिकामे असणे समजू शकते. पण पाठीचे मांस झडून धार दिसू लागली असेल तर त्या माशाने शरीरच खायला सुरुवात केलेली असते. माझा पहिला कॉपरबँड असाच होता. रंग पाहून मी भुलले, आणि अकराव्या दिवशी तो गेला.

या खेपेस घरी आल्यावर पिशवी तासन्तास उघडी ठेवून थेंबथेंब पाणी मिसळण्याचा प्रकार मी केला नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. त्यामुळे पिशवी बंद असतानाच ती तरंगत ठेवून तापमान जुळवले, दुकानातल्या पाण्याचा खारेपणा आधी विचारून घेऊन क्वारंटाइन टाकी (नव्या माशाला काही दिवस वेगळे ठेवायची टाकी) त्याच्याच जवळ आणून ठेवली होती, आणि मासा लगेच आत सोडला. पुढच्या काही दिवसांत खारेपणा हळूहळू 1.025 विशिष्ट गुरुत्वावर नेला. तापमान 26 अंशांच्या आसपास. टाकीत जुना, मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पाइपांचे तुकडे आणि फटी असलेला एक मोठा दगड. पहिल्या दिवशी दिवा लावला नाही, खाद्यही घातले नाही. परजीवींवरचे तांब्याचे औषधही लगेच सुरू केले नाही, कारण त्याने भूक मंदावते. अंगावर रोग स्पष्ट दिसत नसेल तर मासा खायला लागेपर्यंत मी ते लांबणीवर टाकते.

दुसऱ्या दिवशी जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, सोडले. त्याचा डोळा एकेका किड्यामागे फिरत होता, हे काचेजवळ बसून मला स्पष्ट दिसत होते. बऱ्याच वेळाने त्याने एक किडा आत ओढला आणि लगेच थुंकून टाकला. अनेकांना हे अपयश वाटते. मला त्याने फार दिलासा मिळाला, कारण चव घेऊन टाकणारा मासा उद्या गिळण्याची शक्यता असते, ढुंकूनही न पाहणाऱ्या माशाबद्दल तसे म्हणता येत नाही. मात्र आर्टेमियावर विसंबून राहू नये. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांत पोषण असते, पण ते काही तासांतच संपत जाते, आणि मोठ्या आर्टेमियाला स्निग्धाम्लांचा पूरक आहार आधी खाऊ घातला नसेल तर त्यातून माशाला फारसे काही मिळत नाही. हालचालीने त्याचे लक्ष वेधणे, एवढेच त्याचे काम.

खरा उपयोग झाला तो शिंपल्याचा. ताजा, कच्चा शिंपला उघडून त्याचा मांस असलेला अर्धा भाग मी दगडाच्या फटीत घट्ट बसवला आणि खोलीतून निघून गेले. दोन दिवस काहीच घडले नाही. संध्याकाळी शिंपला जसाच्या तसा बाहेर काढावा लागला. चौथ्या दिवशी दाराआडून पाहिले तर मासा शिंपल्यावर जवळजवळ उभा तरंगत होता, डोके खाली, शेपूट वर. एकदा हा डोळा, एकदा तो डोळा लावून त्याने मांसाच्या कडेचा अंदाज घेतला आणि तोंडाचे टोक आत खुपसून एक धागा ओढला. धागा तुटेना, तेव्हा त्याने सबंध अंगाने मागे हिसका दिला. तो गिळला गेला हे कल्ल्यांच्या हालचालीवरून कळले, आणि मी दारातच खाली बसले.

त्यानंतरचे काम होते ओळख एका खाद्यावरून दुसऱ्यावर नेण्याचे. शिंपल्यातले मांस रोज थोडे कमी करून त्याच्या सांदीत बारीक केलेले मायसिस (छोट्या कोळंबीसारखे गोठवलेले जीव) मी दाबून बसवू लागले. जागा तीच, वास तोच, टिपण्याची पद्धतही तीच. बदलत होते फक्त त्यातले खाद्य. नवव्या दिवशी शिंपल्यात निव्वळ मायसिस होते आणि तो ते खात होता. मग लांब ड्रॉपरने दोन-चार मायसिस शिंपल्याच्या तोंडाशी सोडायचे, दुसऱ्या दिवशी बोटभर दूर, तिसऱ्या दिवशी आणखी दूर. चौदाव्या दिवशी त्याने पाण्यात तरंगणारा मायसिस पहिल्यांदा टिपला.

या काळात सर्वांत मोठा धोका आपल्याच काळजीचा असतो. मासा खात नाही म्हणून आणखी खाद्य घालावे, निराळे घालावे, असे सारखे वाटत राहते. छोट्या टाकीत ते कुजते, अमोनिया वाढतो आणि होती ती भूकही मरते. माझा पहिला मासा दुबळा होता हे खरे, पण त्याच्या पाण्याची ही अवस्था मीच केली होती. आता पंप बंद करून चिमूटभरच घालते, दिवसातून तीन-चार वेळा, आणि अर्ध्या तासात उरलेले नळीने ओढून काढते. शिंपल्याला थोडी अधिक मुदत देते. लसणाच्या रसात खाद्य भिजवून मीही पाहिले आहे. मला काही फरक दिसला नाही.

प्रत्येक माशाची कळ अर्थातच वेगळी असते. लायनफिशला हलणारी शिकार लागते, म्हणून आधी जिवंत कोळंबी आणि मग काडीला लावून हलवलेला मेलेला तुकडा. गोल्डफिश मात्र कधीही देऊ नये, कारण त्यातले थायमिनेज ब1 जीवनसत्त्व नष्ट करते. टँग जातीच्या माशांना दगडाला बांधलेला समुद्री शेवाळाचा तुकडा बहुधा पुरतो. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड नावाचे अगदी बारीक कवचधारी जीव टिपत हिंडतो, तेव्हा पुष्कळ लाइव्ह रॉक (बारीक जीवांनी भरलेले समुद्री खडक) असलेली जुनी, मुरलेली टाकी नसेल तर तो आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मासा व्यवस्थित खात असूनही वाळत चालला असेल, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी पडत असेल, तर खाद्य बदलत बसण्यापेक्षा पोटातल्या परजीवींचा विचार करावा.

आज सदतिसावा दिवस. काल त्याला मोठ्या टाकीत हलवले, पण अजून भोके पाडलेल्या पारदर्शक पेटीतच ठेवले आहे, कारण तिथला जुना टँग नव्या माशावर धावून जातो. पेटीत सर्वांत आधी तो दगड आणि तोच रिकामा शिंपला ठेवला. मासा सुमारे तासभर कोपऱ्यात दबून होता. नंतर शिंपल्याजवळ आला, तिरपा झाला आणि त्याच्या रिकाम्या सांदीत तोंड घालून पाहू लागला. मी ड्रॉपर भरून घेतला.