अठरा पूर्ण झाली, आता चाइल्डमाइंडर होता येईल का?

इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा मुलगी नाही, तिची आई विचारते. 'हिला लहान मुलांचा फार लळा आहे. कॉलेज संपलं की घरीच पाळणाघर सुरू केलं तर? एवढ्या लहान वयात नोंदणी देतात का?' म्हणून नीट सगळं लिहायचं ठरवलं. चाइल्डमाइंडर म्हणजे पैसे घेऊन आपल्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी व्यक्ती.

हो, देतात. वयाची अट एकच: १८ पूर्ण. पदवी लागत नाही, अमुक वर्षांचा अनुभवही लागत नाही. पण नोंदणीत तुमच्याइतकंच तुमचं घर तपासलं जातं आणि त्या घरात राहणारी माणसंही. विशीच्या आतल्या मुलीचं स्वतःचं घर नसतं, ती आईवडिलांच्या घरात राहते. अडचण तिथे येते, वयात नाही.

आधी कायदा. आठ वर्षांखालचं, नात्यात नसलेलं मूल पैसे घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळायचं असेल, तर ऑफस्टेडकडे (शाळा आणि पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था) किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणीशिवाय असं काम करणं गुन्हा आहे. पुण्यामुंबईत शेजारच्या काकू दोन खोल्यांत पाळणाघर चालवतात, ते चित्र डोक्यातून काढून टाका. उलट बहिणीचं मूल सांभाळायला नोंदणी लागत नाही, पण नोंदणी असली तरी त्या मुलाला सांभाळण्याचं सरकारी अनुदानही तुम्हाला मिळत नाही. घरातल्या भाच्यापासून सुरुवात करायचा बेत असेल, तर हे आधी ध्यानात घ्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. इथलं सगळं इंग्लंडपुरतं समजा.

व्हिसाचंही आत्ताच सांगून टाकते. चाइल्डमाइंडर म्हणजे स्वयंरोजगार. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, त्यामुळे शिकायला आलेल्या मुलीला हे करता येणार नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या कुटुंबीयांना करता येतं.

आता घर. घरात राहणाऱ्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाचा डीबीएस दाखला (गुन्ह्यांची नोंद तपासून मिळणारा सरकारी दाखला) काढावा लागतो: आई, वडील, मोठा भाऊ, वरच्या खोलीतला भाडेकरू, सगळ्यांचा. एकाने कंटाळा केला की अर्ज तिथेच अडकतो. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी हवी, कर्जाचं असेल तर बँकेला आणि घराच्या विमा कंपनीला कळवायला हवं. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं आणि बोलायचं. सकाळी साडेसातला दार वाजेल, हॉल संध्याकाळी सहापर्यंत आपला नसेल, मुलं असताना घरात कुणी सिगारेट किंवा व्हेप ओढायची नाही. हे मान्य नसेल तर पुढे जाऊ नका. वडिलांचा होकार तोंडदेखला असला, तर तीन महिन्यांत घरात धुसफूस सुरू होते आणि ज्यांनी मूल सोपवलंय त्यांची पंचाईत होते.

नोंदणी झाल्यावरही हे संपत नाही. धाकटा भाऊ सोळाचा झाला, की त्याचा डीबीएस. घरात नवं कुणी राहायला आलं, की ऑफस्टेडला कळवायचं. भारतातून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा ते पाहुणे की राहणारे, हा प्रश्न हमखास येतो. तिकीट काढायच्या आधीच विचारून घ्या. आणि दाखला हातात येईपर्यंत आजींना मुलांजवळ दोन मिनिटंही एकटं सोडायचं नाही, मग त्यांनी पाच नातवंडं वाढवलेली का असेनात.

कागदांचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा पूर्ण कोर्स. तो किमान १२ तासांचा असतो आणि दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. बाळाच्या घशात काही अडकलं तर पाठीवर पाच थापा, मग छातीवर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला छातीऐवजी पोटावर दाब. हे हातांनी बाहुलीवर करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. मग डीबीएस, आणि दाखल्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांत त्याच्या अपडेट सर्व्हिसमध्ये (दाखला अद्ययावत ठेवणारी ऑनलाइन सेवा) नाव. ही मुदत चुकली की पुन्हा नवा दाखला, पुन्हा थांबणं. आधीच्या नोकरीचा डीबीएस बहुतेकदा चालत नाही, कारण घरी मुलं सांभाळायच्या कामासाठीची तपासणी वेगळी असते. गेल्या पाच वर्षांत परदेशात राहिला असाल तर तिथलं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही लागतं. भारतातून येणाऱ्या या कागदाला वेळ लागतो, म्हणून ते काम कोर्सच्याही आधी हाती घ्या. शिवाय तब्येतीची माहिती, ओळख देणारी दोन माणसं आणि पब्लिक लायबिलिटी विमा (तुमच्या कामात कुणाला इजा झाली तर भरपाईसाठी). पाच वर्षांखालची मुलं घेणार असाल तर अर्जाची फी ३५ पौंड आहे. नोंदणीला साधारण १२ आठवडे धरून चला.

ईवायएफएस हा लहान मुलांच्या संगोपनाचा सरकारी आराखडा. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. तेव्हापासून नोंदणीआधी कोर्स करायची सक्ती नाही, आराखड्याचं ज्ञान मात्र असायला हवं. इथेच तरुण मुली फसतात. कोर्स नको म्हणजे वाचायलाही नको, असं समजतात. तपासनीस बाई घरी येतात त्या घर बघायला आणि तुम्हाला प्रश्न विचारायला. 'मुलाने घरच्या माराबद्दल काही सांगितलं तर काय कराल?' यावर 'आईशी बोलेन' हे उत्तर पुरेसं नाही. मुलाला खोदून विचारायचं नाही, त्याचेच शब्द तारीखवेळेसह लिहून ठेवायचे, आणि आपल्या भागातल्या बालसुरक्षा विभागाला कळवायचं. त्यांचा नंबर फ्रिजवर लावलेला असावा.

संख्येचं गणित कागदावर मांडून बघा. एकावेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं. त्यांतली पाचच्या आतली तीन. त्या तिनांत वर्षाच्या आतलं एकच. भावंडांसारख्या मोजक्या बाबतीत सवलत आहे, पण सुरुवात सवलतीवर बेतू नका. दहा महिन्यांचं बाळ घेतलं की त्याचा वाढदिवस होईपर्यंत दुसरं तान्हं घेता येत नाही. ताशी ६ पौंड धरले, तर तीन मुलं आठवड्याला ४० तास म्हणजे ७२० पौंड, खर्च वजा व्हायच्या आधी. पण तिन्ही जागा पाचही दिवस भरलेल्या क्वचितच असतात. एकाला सोमवार ते बुधवार हवं असतं, दुसऱ्याला मंगळवार आणि गुरुवार. पहिल्या वर्षी दीड-दोन जागांचं उत्पन्न गृहीत धरा. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला ३० तासांचं अनुदान मिळतं, तेही वर्षातले ३८ आठवडे. ते पैसे तुमच्याकडे काउन्सिलमार्फत (इथली पालिका) येतात, त्यासाठी काउन्सिलशी वेगळा करार करावा लागतो.

आता आपल्या घरांविषयी, कारण हे इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाही. मुलाच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्यांवर बसून, देवघराकडे बघा. खालच्या फळीवर कापराची डबी असते. पांढऱ्या वड्या, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. काडेपेटी, निरांजन आणि उदबत्त्यांसकट तो वरच्या बंद कपाटात जायला हवा. डब्यातले चणे, शेंगदाणे, फुटाणे पाचच्या आतल्या मुलांना अख्खे द्यायचे नाहीत. शेंगदाण्याचं कूट चालतं, तेही ॲलर्जी नाही हे आईने लिहून दिल्यावरच. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. घरातल्या मोठ्यांना हे पटवावं लागतं, त्यांनी सगळ्या मुलांना मधावर वाढवलेलं असतं. झोपवताना बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी नाही, डोक्याला टोपडं नाही, खोली १६ ते २० अंश. साडीची झोळी बांधायची नाही. पडद्याच्या दोऱ्यांचे फास भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळून ठेवा आणि गोल चपट्या बॅटऱ्यांची खेळणी घरातून काढून टाका.

वयाबद्दल पालक शंका घेतील, ते साहजिकच आहे. त्यावर चांगला करार हा माझ्या मते सर्वात खरा उपाय. तास, फी, ती कधी द्यायची, सुट्टीतले पैसे, उशिरा नेण्याचा आकार, चार आठवड्यांची नोटीस, सगळं पहिल्या भेटीतच लेखी. तुमच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या ताईंकडे थकलेली फी मागणं अवघड जातं, ओळखीच्या मराठी घरात तर जास्तच. करारात तारीख असली की ते मागणं सोपं होतं. 'आपल्याच माणसांना काय करार' म्हणणाऱ्यांनाही करार द्याच.

अजून १८ व्हायला अवकाश असेल, तर सोळाव्या वर्षी एज्युकेशन अँड अर्ली इयर्सचं टी लेव्हल (ए लेव्हलच्या तोडीचा व्यावसायिक अभ्यासक्रम) घ्या, त्यात प्रत्यक्ष कामाचे तास असतात. किंवा सतराव्या वर्षी एखाद्या अनुभवी चाइल्डमाइंडरकडे मदतनीस म्हणून लागा. तिच्याकडे शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्या नोंदी. त्यातली एक आपल्याकडच्या बाळांसाठी फार महत्त्वाची आहे. पुष्कळ भारतीय बाळांच्या कमरेखाली किंवा पाठीवर जन्मतः निळसर करडे डाग असतात. ते माराच्या वळासारखे दिसतात, पण दाबलं तर दुखत नाहीत आणि दिवसागणिक पिवळे-हिरवे होत नाहीत. पहिल्याच दिवशी, आईसमोर, शरीराच्या बाह्याकृतीवर डाग नेमका कुठे आणि केवढा ते काढा, तारीख घाला आणि खाली तिची सही घ्या.